उभी गाडी, चालू इंजिन

१ मार्च

गाडी माझी झाली. दरवर्षी कंपनीची डायरी मिळायची आणि मी तिच्यात फक्त किलोमीटर आणि पेट्रोल लिहायचो. ही शेवटची डायरी. आता कुणाला हिशेब द्यायचा नाही, तेव्हा मनातलं लिहायला हरकत नाही.

साहेबांनी सगळ्या ऑफिससमोर माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बोल पायलट, निवृत्तीची रक्कम घेतोस की गाडी?" साहेब मला पहिल्या दिवसापासून पायलट म्हणतात. नावानं त्यांनी कधी हाक मारली नाही आणि मलाही आताशा नाव परकंच वाटतं. मी क्षणभरही न थांबता म्हणालो, "गाडी." टाळ्या वाजल्या. अकाउंट्सच्या माणसानं वाजवल्या नाहीत, पण तो कशालाच वाजवत नाही.

गाडी अकरा वर्षांची, पण मीटर बघा. घर ते ऑफिस, ऑफिस ते क्लब, एवढंच काय ते पळणं. आतलं कातडं अजून नव्यासारखं. अशा गाडीतून हॉटेलच्या पाहुण्यांची विमानतळावर ने-आण करायची आणि स्वतःचा मालक व्हायचं, असा बेत आहे.

बायको खाली आली, गाडीभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाली, "आणि गाळा?"

कोपऱ्यावरचा गाळा तिला हवाय. कपडे छोटेमोठे करणं, चेन बसवणं, पडदे शिवणं हे सगळं ती वर्षानुवर्षं घरात खिडकीपाशी बसून करते. माझी रक्कम आली की गाळा घ्यायचा, असं आमचं ठरलं होतं. म्हणजे तिचं ठरलं होतं, मी हो म्हटलं होतं. गाळेवाला अजून थोडा थांबायला तयार आहे.

म्हटलं, "अगं, ही गाडी वर्षभरात तुला दोन गाळे घेऊन देईल."

"मला एकच हवाय," म्हणाली आणि वर गेली. तिला गाडीतलं काय कळतं!

२ मार्च

बायकोला फिरवून आणलं. सवयीनं मागचं दार उघडून धरलं, तर म्हणाली, "मी काय मॅडम आहे?" आणि पुढे येऊन बसली. अकरा वर्षांत त्या सीटवर साहेबांची बॅग सोडून कुणी बसलेलं नव्हतं.

निघण्याआधी मी नेहमीप्रमाणे गाडी चालू करून एसी लावून ठेवला होता. थोड्या वेळानं ती विचारते, "आपण कुणाची वाट बघतोय?"

आता हिला काय सांगायचं! साहेब घरातून बाहेर पडायच्या आधी अर्धा तास माझी गाडी चालू असायची. मीटिंग असली की मीटिंगभर चालू. साहेब कधी येतील त्याचा काय नेम, आले की आत गारवा हवा. इतक्या वर्षांत एकदाही साहेबांच्या शर्टाला मी घाम लागू दिला नाही. बाकीचे ड्रायव्हर झाडाखाली पत्ते कुटत बसायचे आणि मालक आला की धावत सुटायचे. त्यांच्यापैकी कुणाला मिळाली गाडी?

९ मार्च

हॉटेलच्या ट्रॅव्हल डेस्कवाल्यानं पहिला पाहुणा दिला. हा डेस्कवाला म्हणजे मोठं प्रस्थ. फोनवर बोलता बोलता चावीनं कान कोरतो आणि त्याच चावीनं बोट दाखवून माणसाला हुकूम सोडतो. पण गाडी बघून उभा राहिला. "ही तुमची?" म्हणाला. मी म्हटलं, "हो." एवढ्या एका शब्दासाठी रक्कम सोडली असं म्हणायला हवं.

सकाळी चालू करताना इंजिन दोन सेकंद खडखडलं. ते गेल्या दोन-तीन वर्षांपासूनच करतं. म्हातारा माणूस उठताना खाकरतो तसं. ऑइलही जरा पितं, म्हणून मी डिकीत कायम डबा ठेवतो आणि गुपचूप भर घालतो. साहेबांच्या कानावर असल्या बारीकसारीक गोष्टी कधी घातल्या नाहीत. त्यांना बिचाऱ्यांना धंद्याचेच ताप काय थोडे होते!

१७ मार्च

रस्त्यात तापमानाचा काटा वर चढला. बॉनेटखालून वाफ. कशीबशी ती गाडीच्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर नेली. साहेबांची गाडी मी दुसरीकडे कधी नेलीच नाही.

काउंटरवरच्या बाईंनी मला ओळखलं. कोटबिट घातलेल्या, बोलायला नम्र. "अजून हीच गाडी वापरतात का तुमचे साहेब?"

"साहेबांनी मला दिली. निवृत्तीची भेट."

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग कॉम्प्युटरकडे बघितलं, मग पुन्हा माझ्याकडे. "छान," म्हणाल्या. "सर, कॉफी घ्या ना." आजवर त्या मला ड्रायव्हर म्हणायच्या आणि बाहेरच्या बाकाकडे बोट दाखवायच्या. आज सर आणि कॉफी. गाडीमुळे माणसाची किंमत बदलते ती अशी.

दुखणं साधं निघालं. इंजिनच्या पोटात कूलंटचा एक प्लॅस्टिकचा पाइप आहे, तो तडकला. पाइप चार बोटांचा, पण तिथवर पोचायला अर्धं इंजिन उकलावं लागतं. खर्चाचा अंदाज ऐकला आणि कॉफीचा कप खाली ठेवला. मी विचारलं, "एवढा?" बाई म्हणाल्या, "सर, गाडी जुनी झाली तरी सुट्या भागांची किंमत नव्या गाडीचीच असते." हे साहेबांच्या बिलांवरून मला कळायला हवं होतं. पण साहेबांची बिलं मी फक्त घडी घालून पाकिटात ठेवत असे.

२० मार्च

बायकोनं गाळ्याच्या अनामतीसाठी साठवलेले पैसे स्वतःहून काढून दिले. मी मागितले नव्हते. जेवताना फक्त दोन-तीनदा सांगितलं की गाडी अडकून पडलीय. ती म्हणाली, "घ्या. गाळा काय पळून जात नाही." समजूतदार आहे. सुरुवातीला उगाच तिच्याविषयी भलतंसलतं लिहिलं.

गाळ्याचा विषय तिनं त्यानंतर काढलेला नाही. माझ्याही डोक्यावरचं ओझं उतरलं.

२ एप्रिल

आज फार अपमान झाला. सिग्नलला उभा होतो, मागे पाहुणे दांपत्य. हिरवा दिवा लागला, गाडी हलवली आणि मागे निळ्या धुराचा असा लोट निघाला की मागची रिक्षा दिसेना. शेजारचा स्कूटरवाला ओरडला, "काका, डास मारताय का?" मागची बाई खोकली. मी म्हटलं, "इंजिन साफ होतंय." पाहुण्यानं रुमाल नाकाला लावला आणि उतरेपर्यंत काढला नाही.

डेस्कवाल्यानं चावी रोखून सांगितलं, "धूर बंद होईपर्यंत इकडे फिरकू नका. पाहुण्यांना गाडी हवी असते, आगगाडी नको."

सर्व्हिस सेंटरला जायची हिंमत झाली नाही. वर्कशॉपच्या गल्लीत एक मिस्त्री आहे, फक्त असल्याच मोठ्या गाड्या उघडतो. भारी बडबड्या. गाडीला कान लावला आणि म्हणाला, "व्हॉल्व्हची सीलं गेलीत. ऑइल गळून आत जळतंय. सीलं बदलली की धूर जाईल. बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?"

"म्हणजे पिस्टनच्या रिंगा धड असतील तर. ते उघडल्याशिवाय मला नाही कळत. माझे डोळे काही एक्स-रे नाहीत." वर हसला. पैसे दुसऱ्याचे असले की विनोद सुचतात.

११ एप्रिल

सीलं बदलली, धूर गेला. पैसे पुन्हा बायकोनंच आणले. कुठून, ते मी विचारलं नाही. भावाकडून आणले असतील. विचारलं असतं तर तिला उगाच मान खाली घालावी लागली असती.

खिडकीपाशी मशीन दिसलं नाही. विचारलं, तर म्हणाली, दुरुस्तीला दिलंय. आमच्या घरातल्या यंत्रांना एकदम साथ आलीय म्हणायची! त्या निमित्तानं एक मात्र झालं, दुपारच्या झोपेत ती खटखट नाही. घर कसं शांत शांत वाटतं. ती खिडकीत नुसती बसून असते. म्हटलं, तेवढाच तिलाही आराम.

१९ एप्रिल

संपलं बहुतेक.

विमानतळाच्या वाटेवर, उड्डाणपुलाच्या अगदी माथ्यावर, गाडीच्या पोटातून लोखंड तुटल्यासारखा आवाज आला आणि इंजिन बंद. स्टिअरिंग जड झालं. कशीबशी कडेला घेतली. मागे बसलेला माणूस विमानाची वेळ सांगून सांगून थकला, शेवटी बॅग उचलून पुलावरून पळत सुटला. भाडं द्यायचा प्रश्नच नव्हता. वर डेस्कवाल्याला फोन करून त्यानं मला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

टोइंगची गाडी आली. साहेबांची गाडी पुढून उचलून, मागच्या दोन चाकांवर फरफटत न्यायला निघाले होते. मी ओरडलो, "तुमच्या ट्रकच्या पाठीवर घ्या, पाठीवर! अशी ओढायची नसते ही." तो म्हणाला, "आता काय फरक पडतो?" तरी मी घ्यायला लावली.

२३ एप्रिल

मिस्त्रीनं इंजिन उघडलं. टायमिंग चेन सुटून व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटलेत, सगळे वाकलेत. आत बोट फिरवून त्यानं मला दाखवलं. ऑइल कसलं, डांबर.

"मीटर तर कमी दाखवतंय. गाडी उभी फार चालू ठेवायचात का?" त्यानं विचारलं.

मी अभिमानानं सांगितलं. सकाळचा अर्धा तास, मीटिंगा, क्लबातल्या संध्याकाळी. तो हातातलं फडकं चुरगाळत ऐकत राहिला. 

मग म्हणाला, "उभ्या गाडीत इंजिन हळू फिरतं, ऑइलचा दाब कमी पडतो, जळकी घाण आत साठत जाते. मीटर मात्र जागचं हलत नाही. तुम्ही ऑइल बदललंत किलोमीटर बघून. इंजिन चाललंय त्याच्या कितीतरी पट. ही गाडी रस्त्यावर नाही झिजली हो. ही फाटकात उभी राहून झिजली."

मी त्याला चांगलंच सुनावलं. मोठ्या लोकांची नोकरी म्हणजे काय, हे या ग्रीसात लोळणाऱ्याला काय ठाऊक? ज्या गाडीला मी मुलासारखं जपलं, रोज पुसली, जिच्यावर कधी ओरखडा पडू दिला नाही, ती म्हणे मीच मारली! दुरुस्ती नीट जमली नाही की ड्रायव्हरच्या माथी मारायची, ही यांची जुनी खोड. सर्व्हिस सेंटरकडूनच खरं काय ते वदवून घेतो.

२५ एप्रिल

सर्व्हिस सेंटरच्या बाईंना म्हटलं, गाडी उभी असताना इंजिन चालू ठेवल्यानं काही होत नाही, एवढं मला सांगा. त्यांनी कॉफी मागवली. मला कॉफी नको होती.

"सर, चेन ताणली गेल्याचं आम्ही तुमच्या साहेबांना मागेच कळवलं होतं. गेल्या वर्षी पुन्हा सांगितलं. गाडी फार वेळ उभी चालू असते, तेही सांगितलं होतं."

"साहेबांना? मला नाही?"

"गाडी त्यांच्या नावावर होती ना."

"मग ते काय म्हणाले?"

बाईंनी कॉम्प्युटरचा पडदा जरा पलीकडे वळवला. "म्हणाले, आता हिच्यावर खर्च नको. काढायचीच आहे."

काढायचीच आहे. मी डिकीत डबा लपवून ऑइल भरायचो, साहेबांना त्रास नको म्हणून. ते सगळं जाणून मागे पेपर वाचत बसायचे. आणि सगळ्या ऑफिससमोर खांद्यावर हात ठेवून विचारलं, घेतोस का म्हणून. टाळ्या वाजवून घेतल्या सगळ्यांकडून माझ्याच मूर्खपणाला. विसरले असतील, असं वाटेत मी स्वतःला समजावून बघितलं. घर येईपर्यंत तेही जमेनासं झालं.

मला फार राग आलाय. आणि कुणावर किती काढायचा, तेच कळत नाहीय.

६ मे

गाडी भंगारवाल्याला दिली. दुसरं इंजिन बसवायचं तर घर विकावं लागलं असतं. त्यानं गाडीकडे नीट बघितलंसुद्धा नाही. टायरवर लाथ मारून दर सांगितला.

घरी येऊन बायकोला म्हटलं, "चल, तुझं मशीन सोडवून आणू. दुरुस्तीवाल्याचे पैसे देतो."

ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "दुरुस्तीला नाही दिलेलं. विकलं. तुमच्या त्या धुराचे पैसे कुठून आले, असं वाटलं तुम्हाला?"

 म्हटलं, "सांगायचं नाही का?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

तिथल्या तिथे दोघं जुन्या मशीनच्या दुकानात गेलो. तिचं मशीन केव्हाच कुणी घेऊन गेलं होतं. भंगारातून आलेल्या पैशात दुसरं एक बसलं. घरी आणून तिनं पायाखाली घेतलं, दोरा ओवला, चार टाके मारले आणि थांबून कान दिला.

"आवाज करतंय."

"बघून घेतलंय मी."

"तुम्ही?" म्हणाली.

कोपऱ्यावरच्या गाळ्यात मोबाइलची कव्हरं विकणारा आलाय. परत येताना आम्ही दोघंही पलीकडच्या फुटपाथनं आलो.

१४ मे

साहेबांना तोंडावर विचारायचं असं ठरवून सकाळी बंगल्यावर गेलो. काय विचारायचं, ते वाटभर पाठ केलं होतं.

फाटकात नवी गाडी उभी. आमच्या गाडीहून हातभर लांब. आत नवा ड्रायव्हर, दाढी गुळगुळीत, शर्टाला कडक इस्त्री. इंजिन चालू, एसी चालू. मला बघून उतरला. "काका, तुम्हीच ना आधीचे? साहेब तुमचं फार कौतुक करतात. म्हणतात, गारवा ठेवावा तर त्यानं. मी पंधरा मिनिटं आधी चालू करतो. पुरतं ना?"

मी त्या गाडीकडे बघितलं. कोरी करकरीत. आणि माझ्या मनात जे आलं ते मी केलं.

"पंधरा मिनिटांनी काय होतंय? अर्धा तास तरी हवा. आणि मीटिंगमध्ये अजिबात बंद करू नकोस. साहेबांना उकाडा सहन होत नाही."

"बरं झालं सांगितलंत, काका!" त्यानं अगदी मनापासून माझा हात दाबला. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं. जळू दे, म्हटलं. होऊ दे डांबर. तेवढंच साहेबांच्या खिशाला कळेल.

तेवढ्यात साहेब बाहेर आले. "चल, पायलट!" म्हणाले.

माझा हात मागच्या दाराकडे गेलासुद्धा. दार नव्या ड्रायव्हरनं उघडलं. साहेब पायलट त्याला म्हणाले होते.

मग त्यांना मी दिसलो. "अरे, तू! काय म्हणते गाडी? फर्स्ट क्लास?"

पाठ केलेलं सगळं ओठांवर होतं. तोंडातून निघालं, "फर्स्ट क्लास, साहेब." आणि गाडी गेली.

१५ मे

काल बायकोला अर्ध्या तासाची गोष्ट रंगवून सांगितली. वाटलं, हसेल. ती मशीनवर पडदा शिवत होती. दोरा दातानं तोडला आणि म्हणाली, "आणि ही गाडी जुनी झाली, की साहेब कुणाला देतील?"

रात्रभर मला त्या नव्या ड्रायव्हरचा कडक इस्त्रीचा शर्ट दिसत राहिला. 

सकाळी चहा न घेता बंगल्यावर गेलो. नवा ड्रायव्हर माझ्याआधीच येऊन बसला होता. इंजिन चालू. काच खाली करून म्हणाला, "काका, तुमचं ऐकलं बघा. आज पाऊण तास आधी चालू केलीय."

म्हटलं, "बंद कर. काल मी खोटं सांगितलं." मग मिस्त्रीनं सांगितलं होतं ते सगळं सांगितलं. दाब, घाण, डांबर, चेन. माझी गाडी भंगारात गेली तेही सांगितलं. तो ऐकता ऐकता हसायला लागला. वाईट नाही, लहान मुलाला समजावताना हसतात तसा.

"काका, राग मानू नका. तुमची जागा गेली, माणसाला लागतंच. पण काल तर साहेबांना फर्स्ट क्लास म्हणालात, मी ऐकलं ना." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि मी हिला खराब कशी होऊ देईन? साहेब म्हणालेत, नीट सांभाळ पायलट, निवृत्तीला ही तुझीच."

बायकोनं विचारलेलं अजून कानात होतं. मी म्हटलं, "रक्कम घे. ऐक माझं, विचारलं तर रक्कम घे."

"काका, गारवा जातो हो बाहेर," तो म्हणाला आणि त्यानं काच वर केली.

मी काचेवर टकटक केली. त्यानं आतून हसून अंगठा दाखवला. फाटकाशी मी बराच वेळ उभा होतो. इंजिनाचा आवाज बाहेर जराही येत नव्हता. मग मी चालत घरी आलो.